गाणं जूनपासून अडलंय, चिंगी सप्टेंबरात आली

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी २६ वर्षांची. पुण्यात धायरीला आईबाबांसोबत राहते. दिवसा नोकरी, आणि रात्री हौस म्हणून मित्रमैत्रिणींच्या गाण्यांचे व्हिडिओ एडिट करते. पैसे कुणी देत नाही, मीही मागत नाही. जूनमध्ये एका मैत्रिणीच्या बँडचं गाणं शूट केलं. थोडं पानशेत रस्त्याला पावसात, थोडं त्यांच्या प्रॅक्टिस रूममध्ये. काही मित्राच्या कॅमेऱ्यावर, काही माझ्या फोनवर. फुटेज चार तासांचं, गाणं साडेतीन मिनिटांचं. सप्टेंबरच्या शेवटी शेल्टरमधून दीड वर्षाची इंडी कुत्री आणली, चिंगी. तीन आठवडे झाले. मी एडिटला बसले की ती दिवाणाखाली जाऊन थरथरते. गाण्यातला ढोल वाजला तर तिथेच शू करते. हेडफोन लावले तर पायाशी येऊन कुंईकुंई चालू. परवा हार्ड डिस्कची केबल चावली. बँडला व्हिडिओ दिवाळीच्या आत हवाय. आई म्हणते, झेपत नसेल तर परत देऊन टाक. त्यात व्हिडिओही मनासारखा होत नाहीये. कट अगदी ठेक्यावर आहेत, ओठही सुरुवातीला जुळतात, तरी सगळं निर्जीव वाटतं. मी यातलं काय सोडू? ता. क. गिटारवाला म्हणतो, चिंगीलाच व्हिडिओत घे, लोक बघतील."

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला तारखांपाशी थांबले. शूटिंग जूनमध्ये झालं आणि चिंगी सप्टेंबरच्या शेवटी आली. मधले तीन महिने घरात कुत्रं नव्हतं, हार्ड डिस्कची केबल धड होती, दिवाणाखाली कुणी थरथरत नव्हतं, आणि तरीही व्हिडिओ झाला नव्हता. म्हणजे व्हिडिओ अडलाय तो व्हिडिओतल्याच कारणांनी. चिंगीची भीती ही वेगळी गोष्ट आहे. तू दोन्ही एकत्र बांधलंस म्हणून "काय सोडू" असा प्रश्न पडला. वेगळं करून बघितलंस की काहीच सोडावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी चिंगीचं बघू, कारण हार्ड डिस्क थांबू शकते.

शेल्टरमधून आलेल्या कुत्र्यांबद्दल एक ठोकताळा सांगतात: पहिले तीन दिवस ते भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची वेळ त्याला कळायला लागते आणि तीन महिन्यांनी ते घर आपलं मानतं. प्रत्येक कुत्र्याचं वेळापत्रक असंच चालतं असं नाही, पण तीन आठवड्यांवर निकाल लावायचा नसतो एवढं त्यातून नक्की घे. चिंगी तुझ्या पायाशी येऊन कुंईकुंई करते हे तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला ते वाचून बरं वाटलं. घाबरलेलं कुत्रं बरेचदा माणसापासून लांब पळतं. ही घाबरल्यावर तुझ्याकडे येते.

शेल्टरला फोन करून एक गोष्ट विचार: गणपतीच्या दिवसांत ही कुठे होती? गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीपात्रात आणि मैदानांवर ढोलपथकांचा सराव चालतो, मग दहा दिवस प्रत्यक्ष मिरवणुका. त्या काळात ती रस्त्यावर असेल किंवा नुकतीच पकडून आणलेली असेल, तर तुझ्या गाण्यातला ढोल तिला कसला वाटतो हे वेगळं सांगायला नको. शू करणं ही खोडी नाही, भीतीनं सुटलेला ताबा आहे. त्यावर रागावू नकोस, तिचं नाक त्यात घासू नकोस, आणि आईलाही हे नीट समजावून सांग.

आता एडिटिंगमधली जी गोष्ट कुत्र्याला सगळ्यात जास्त छळते, ती आपल्या लक्षात येत नाही. आपण गाणं ऐकत नसतो. आपण दीड सेकंदाचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवत असतो. मध्येच तोडतो, मागे जातो, पूर्ण आवाजात पुन्हा सुरू करतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंत. हायहॅटचा (ड्रमसेटमधल्या झांजांचा) आणि ताशाचा जो कर्कश भाग आपल्याला "थोडा टोचतो", तो तिच्यासाठी बराच जास्त असतो. शिवाय तो कधी सुरू होणार याचा अंदाज नाही. संगीत म्हणून संगीत कुत्र्यांना नको असतं असं मुळीच नाही. स्कॉटलंडमध्ये शेल्टरमधल्या कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात (तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला) सॉफ्ट रॉक आणि रेगे लावल्यावर कुत्री जास्त शांत दिसली, आणि प्रत्येकाची आवड थोडी वेगळी असावी असंही अभ्यासकांना वाटलं. तेव्हा चिंगीला गाणं नकोय असं समजू नकोस. तिला तुकडे नकोत, अचानक नको, आणि ढोल तर सध्या अजिबात नको.

म्हणून आजपासून स्पीकर बंद. ढोलाचा भाग फक्त हेडफोनवर. पण हेडफोन लावून तू खोलीत असूनही नसतेस, तिनं हाक मारली तरी वळत नाहीस, आणि नव्या कुत्र्याला हे कोड्यात टाकतं. तेव्हा एक कान मोकळा ठेव आणि ती आली की एक क्षण हात लावून पुन्हा कामाला लाग. उचलून घेणं, समजूत काढत बसणं याची गरज नाही.

ढोलाची सवय हळूहळू लावता येते, पण घाईघाईनं नाही. तिच्या जेवणाच्या वेळी तोच तुकडा फोनवर इतक्या बारीक आवाजात लाव की तुला स्वतःला कान द्यावा लागेल. ती खात राहिली तर ठीक. खाणं थांबवून कान मागे घेतले, मान वळवली, तर आवाज जास्त झाला, लगेच कमी कर. चार-पाच दिवस तोच आवाज, मग किंचित वर. खाणं हेच तुझं मोजमाप. तिला आवडणारी वस्तू, उकडलेलं चिकन म्हण किंवा पनीरचा तुकडा, फक्त याच वेळेसाठी राखून ठेव.

हे सगळं करण्याआधी तिला डॉक्टरांकडे ने. थरथरणं आणि लपून बसणं दुखण्यामुळेही असू शकतं. पावसाळा संपता संपता गोचीड फार असतात. कानाच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी रोज बघ. गोचिडांतून येणाऱ्या तापात कुत्रं खात नाही, मलूल पडतं, हिरड्या फिक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्री बरी होतात. कानात जंतुसंसर्ग असेल तरीही आवाज सोसेनासा होऊ शकतो, तेही तपासून घे. रेबीजची लस कधी झाली याचा कागद शेल्टरकडून माग, कारण महापालिकेच्या परवान्यालाही तो लागतो. परवाना काढूनच ठेव. उद्या सोसायटीत कुणी आवाज चढवला तर कागद हातात असलेला बरा. कुत्रं पाळायलाच बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही हे भारतीय प्राणी कल्याण मंडळानं आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलेलं आहे.

आईच्या बोलण्यावर चिडू नकोस. रात्री अकराला दिवाणाखालची शू कोण पुसतं? पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, पण तूच पुसत असतीस तर लिहिलं असतंस असं मला वाटतं. पहिला बदल तिथे कर. चिंगीचं खाणं, फिरवणं, पुसणं हे सगळं तुझं, आईकडे त्यातलं काहीही जायला नको. तीन महिने मागून घे आणि तारीख सांगून मागून घे. त्या मुदतीनंतरही चिंगी घरात सुखी नसेल, किंवा आईला खरोखर त्रास होत असेल, तर शेल्टरशी बोलून तिच्यासाठी दुसरं घर शोधणं यात पाप नाही. कुणी "सोडून दे कुठेतरी" म्हणालं तर मात्र ऐकू नकोस. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आता तुझ्या व्हिडिओकडे येते. इथे मला जास्त बोलायचंय, कारण तू प्रश्न चुकीच्या जागी शोधते आहेस.

"कट अगदी ठेक्यावर आहेत" असं लिहिलंयस. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल असं धरू, साधारण अशाच गाण्यात ढोल खुलतो. साडेतीन मिनिटांत ४२० ठोके होतात. दर दुसऱ्या ठोक्यावर कट दिलास तर २१० कट, आणि प्रत्येक शॉट बरोबर एक सेकंदाचा. पहिल्या दहा सेकंदांतच बघणाऱ्याच्या डोळ्याला हा हिशेब कळतो. त्यानंतर पुढचा कट कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं आणि तो बघणं सोडतो. निर्जीव वाटतं ते यामुळे. तुझी मैत्रीण गाते आहे, आणि एक सेकंदात तिचा चेहरा काय सांगतो ते दिसायच्या आत तो नाहीसा होतो.

काही जण म्हणतील फ्रेमचा घोळ आहे. १२०च्या वेगात सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका साडेबारा फ्रेमचा होतो, म्हणजे दर दुसरा ठोका दोन फ्रेमच्या मध्ये पडतो, हे खरं. पण अर्धी फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. तो कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. त्यामागे रात्री घालवू नकोस.

ओठांचं मात्र खरंच बघावं लागेल. "सुरुवातीला जुळतात" म्हणजे शेवटच्या कडव्यापर्यंत सुटतात, असंच ना? फोन बहुतेक वेळा फ्रेमचा वेग शूटिंगदरम्यान कमीजास्त करत राहतो. कागदावर सेकंदाला ३०, प्रत्यक्षात कधी २९, कधी ३०च्या वर. लांबलचक टेकमध्ये हा फरक साचत जातो. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फोनच्या क्लिप टाकून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवड आणि नव्यानं बनवून घे. मगच टाइमलाइनवर आण. लॅपटॉप अडखळत असेल तर त्याच वेळी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रतीही बनव. प्रॅक्टिस रूमच्या शॉटमध्ये ट्यूबलाइटचे आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर त्याचं कारण वेगळं आहे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि फोन आपल्या मनानं शटर ठरवतो. पुढच्या वेळी शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाक. आत्ताच्या शॉटमधले पट्टे घालवायच्या मागे लागू नकोस, ते शॉट टाकून दे. चार तास आहेत तुझ्याकडे.

आणि खरी अडचण हे चार तासच आहेत. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एके काळी संकलन स्टीनबेक टेबलावर शिकवलं जायचं. फिल्म हातानं कापायची, टेपनं जोडायची. बदल करायचा तर जोड उकलायचा. त्यामुळे कापण्याआधी ठरवणं भाग होतं. तुला आज काहीही ठरवावं लागत नाही. सगळंच टाइमलाइनवर पडून आहे आणि म्हणून चार महिने तू फक्त ठेके जुळवते आहेस.

असं कर. गाणं एकदाच, हेडफोन लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालव आणि बोटानं खुणा करत जा. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर असो की रिझॉल्व्ह, एमचं बटण दाबलं की मार्कर पडतो. प्रत्येक ठोक्याला नको. तीनच प्रकारच्या खुणा: ओळ जिथे सुरू होते, गाणारी जिथे श्वास घेते, आणि ढोलाचा ठेका जिथे समेवर येतो. दुसऱ्यांदा चालवून दुरुस्त कर. झालं, आता गाण्याचा सगळा नकाशा तुझ्या डोळ्यांसमोर आहे आणि यापुढचं बरंचसं काम आवाज बंद ठेवून करता येतं.

हे चिंगीसाठी म्हणून सुचवत नाहीये, एडिटसाठीच सुचवतेय, पण तिलाही यात घर शांत मिळेल. चार तासांचं फुटेज आवाज बंद करून बघ. गाणं चालू असलं की साधा शॉटही बरा वाटतो, गाणंच त्याला उचलून धरतं. आवाज बंद केला की जो शॉट स्वतःच्या बळावर उभा राहतो तोच टिकतो. तो वेगळा काढ. बाकी हटव, म्हणजे दुसऱ्या फोल्डरला टाक. सरतेशेवटी वीसेक मिनिटं उरली तर खूप झालं.

मग गाणारीचा एकच, सगळ्यात खरा टेक निवड आणि अख्खं गाणं त्याच्यावर लाव. एकही कट न देता पूर्ण बघ. तुला कंटाळा कुठे येतो ते लिही. फक्त तिथे दुसरा शॉट घाल. तिनं श्वास घेतला की कट दे, ओळ सुरू होण्याच्या अर्धा ठोका आधी दे, पुढचं दृश्य आधी येऊ दे आणि ओळ नंतर. एखादा शॉट आठ सेकंद राहिला तर राहू दे. ढोलाच्या तुकड्यात जे भराभर कट द्यायचेत ते तिथेच दे, बाकीचं गाणं संथ असेल तरच ते उठून दिसतील.

वेळेचं म्हणशील तर रात्री नऊ ते एक हा तुझा जुना शिरस्ता आता मोड. ऑफिसहून आलीस की आधी चिंगीला पट्टा लावून बाहेर ने. पळवायची गरज नाही, हुंगू दे. वास घेत रमतगमत चाललेली अर्धा तासाची फेरी तिला चांगली दमवते. टेकडीवर पट्टा सोडायचा मोह होईल, तो अजून बरेच दिवस आवर. आल्यावर जेवण, मग चघळायला काहीतरी, मग ती झोपेल. मोठं कुत्रं दिवसाचा निम्मा वेळ झोपतंच. तेवढ्या वेळात तास-दीड तास शांतपणे काम होतं आणि निवड करायला तेवढंच लागतं, पुढे डोळे थकतात. केबलसाठी तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, प्लास्टिकची केसिंग पट्टी मिळते, भिंतीला चिकटवून सगळ्या वायरी आत घाल. फुटेजच्या तीन प्रती असू देत, त्यातली एक घराबाहेर, त्याच मैत्रिणीकडे ठेवली तरी चालेल. गाणं तिचंच आहे.

बँडला आजच कळव. "बघते, होईल" असं म्हणू नकोस. दिवाळीला मुखडा आणि ढोलाचा तुकडा असा एक मिनिटाचा भाग देईन, पूर्ण व्हिडिओ डिसेंबरमध्ये, असं तारखेनिशी लिही. फुकट काम करणाऱ्यालाही मुदत मागायचा हक्क असतो. आणि फुकट काम करून घेणाऱ्याला महिनाभर उशीर सोसता येतो.

दिवाळीचं मात्र खरं दडपण चिंगीवर येणार आहे, त्याची तयारी आत्ताच कर. ढोलाला एवढी घाबरते तर फटाक्यांना काय होईल हे डॉक्टरांना आधीच सांग. अशा वेळी देण्याची औषधं असतात, पण ती त्यांनी तपासून, वजनावरून ठरवून द्यायची. घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नकोस. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात. गळपट्ट्यावर तुझा फोन नंबर कोरलेला बिल्ला आजच लाव, फटाक्यांना घाबरून पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात. त्या दिवसांत उजेडातच फिरवून आण, संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा चालू, आणि दिवाणाखाली तिनं निवडलेली जागा तशीच राहू दे, आत एक जुनी गोधडी टाक. बाहेर ओढून काढू नकोस. फराळाचं ताट टीपॉयवर ठेवायची सवय असेल तर यंदा वर ठेवा. रव्याच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करतात, आणि चॉकलेटही तिच्यासाठी विषच.

गिटारवाल्याला नाही म्हणून सांग. व्हिडिओत घ्यायचं म्हणजे दिवे, चार अनोळखी माणसं, मोठ्यानं लावलेला प्लेबॅक आणि त्यात तोच ढोल. शिवाय शूट जूनमधलं आहे, ऑक्टोबरातली कुत्री मध्येच घुसवली तर तुझ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावरून सगळ्यांचं लक्ष उडेल. गाणं तिचं आहे, तिलाच दिसू दे.